भातखाचर, नाचणी आणि पाकिटातली बुरशी : मायकोरायझामुळे स्फुरदाचे शोषण खरोखर वाढते का?

प्रश्न
वरकस, ठाणे पश्चिम

नमस्कार. मी ठाण्यात राहते. आमची शेती मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूस आहे आणि ती प्रत्यक्ष काका करतात. हिशेब आणि नोंदी माझ्याकडे असतात. खाली खाचरांत भात आणि वर चढाच्या वरकस जमिनीत नाचणी व थोडी वरई अशी आमची नेहमीची पिके आहेत. गेल्या खरिपात निम्म्या खाचरांत चिखलणी व आवणी (रोपांची लावणी) न करता सगुणा पद्धतीने गादीवाफे करून भात टोकला आणि उरलेल्या खाचरांसाठी राब भाजून (रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळून), रोपे तयार करून नेहमीप्रमाणे आवणी केली. दोन्हीकडे वाण एकच, कर्जत-३, आणि डीएपी या स्फुरद (फॉस्फरस) व नत्र देणाऱ्या रासायनिक खताची मात्राही सारखीच होती.

गादीवाफ्यांवरील भात सुरुवातीचा बराच काळ खुरटलेला राहिला. पाने अरुंद, उभट आणि नेहमीपेक्षा गडद हिरवी होती, फुटवेही उशिरा आले. पुढे तो सावरला आणि चिखलातल्या भाताच्या बरोबरीला आला. वरच्या नाचणीला आम्ही शेणखताशिवाय काही देत नाही, तरी तिच्यावर असे लक्षण दिसत नाही. माती परीक्षणात खाचरांचा सामू (पीएच) ५.८ आला असून उपलब्ध स्फुरद ‘कमी’ या वर्गात आहे.

यंदा एका कृषी सेवा केंद्रात काकांना मायकोरायझाची पाकिटे दाखवण्यात आली. ही बुरशी मुळांना स्फुरद आणून देते, त्यामुळे डीएपी निम्मे केले तरी चालेल, असे तेथे सांगण्यात आले. ही बुरशी जमिनीत मुळातच असते असे मी वाचले आहे. मग ती विकत घेण्याचे कारण काय? साचलेल्या पाण्यात ती जगते का? आणि बुरशीखेरीज मुळांच्या स्वतःच्या ठेवणीचा, म्हणजे त्यांची जाडी, खोली, त्यांच्यावरची केसासारखी लव यांचा या शोषणात किती वाटा असतो? एकाच मातीत नाचणी निभावते आणि भात अडखळतो, याचे उत्तर मुळांत आहे की बुरशीत, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. पाकीट घ्यायचे की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.

उत्तर
मृदाकण, बेलापूर

पाकिटाचा विषय तूर्त बाजूला ठेवतो, कारण स्फुरद मुळापर्यंत कसा पोहोचतो हे पाहिल्याशिवाय त्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. (मी मृदाशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. उत्तर लांबले तर सवयीचा दोष समजावा.)

नायट्रेटच्या रूपातले नत्र पाण्याबरोबर वाहते. झाड पाणी ओढते तेव्हा ते आपोआप मुळाकडे येते आणि आपल्याकडच्या पावसात तितक्याच सहजपणे खाली निघूनही जाते. स्फुरदाचे वागणे याच्या अगदी उलट आहे. आपल्या आम्लधर्मी मातीत तो लोह आणि अॅल्युमिनिअमच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटून राहतो. मातीतील पाण्यात विरघळलेला अंश बहुधा दहा मायक्रोमोलरपेक्षाही कमी असतो आणि तो मुळाकडे केवळ विसरणाने, म्हणजे जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे, अत्यंत सावकाश सरकतो. त्यामुळे मूळ आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा लवकरच रिकामा करते आणि मग बाहेरून येणारा पुरवठा त्याच्या गरजेला पुरत नाही. जमिनीत एकूण स्फुरद भरपूर असूनही पीक उपाशी राहते, ते या कारणाने. दिलेल्या खतातला स्फुरदही बहुतांश याच रीतीने अडकतो आणि पहिल्या पिकाला त्याचा लहानसा भागच मिळतो.

म्हणजे स्फुरदाच्या बाबतीत प्रश्न असा की रिकाम्या झालेल्या पट्ट्याच्या पलीकडे पोहोचायचे कसे आणि त्यासाठी कर्ब (कार्बन, म्हणजे झाडाने तयार केलेले अन्न) किती खर्च करायचा. नवी मुळे फोडणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. मूळरोम, म्हणजे तुम्ही म्हणता ती लव, हा स्वस्त मार्ग. तृणधान्यांत मूळरोमांची लांबी साधारण मिलिमीटरच्या आत-बाहेर असते आणि तेवढ्यानेही रिकामा पट्टा बराच रुंदावतो. तिसरा मार्ग आर्बस्क्युलर मायकोरायझा बुरशीचा. तिचे तंतू काही मायक्रोमीटर जाडीचे असतात, तर तृणधान्याचे बारीक मूळही शंभर मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड असते. त्यामुळे तेवढ्याच कर्बात कितीतरी अधिक लांबीचे तंतू विणले जातात, ते मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर जातात आणि जिथे मूळ शिरू शकत नाही अशा सूक्ष्म छिद्रांत शिरतात. त्याची किंमत झाड आपल्या अन्नातून चुकवते. प्रकाशसंश्लेषणातून मिळालेल्या कर्बापैकी साधारण ४ ते २० टक्के कर्ब बुरशीला जातो, असे अंदाज आहेत. या बुरशीला मेदाम्ले स्वतः तयार करता येत नाहीत आणि ती झाडाकडूनच येतात, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे झाडावाचून तिचा निर्वाहच नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. मूळ आणि बुरशी यांपैकी नेमके उत्तर कशात, असे विचारल्यास या दोन बाजू एकमेकींना पर्याय असतात, असे मी म्हणेन. बारीक, लांब, लव असलेली मुळे स्वतःच्या बळावर शोषण करतात. जाड, तुरळक, लव नसलेली मुळे बुरशीवर अवलंबून राहतात. जगभरातील सुमारे अठराशे वनस्पती-प्रजातींच्या मुळांची तुलना करणारे विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मुळांच्या विविधतेचा एक मुख्य अक्ष हाच निघाला. कांदा, कसावा यांसारखी पिके बुरशीच्या टोकाला, तर गहू, बार्ली, भात ही बरीचशी स्वावलंबनाच्या टोकाला झुकलेली आहेत. बार्लीच्या एका उत्परिवर्तित वाणाला मूळरोमच येत नाहीत. स्फुरद कमी असलेल्या मातीत त्याची उपासमार होते, पण बुरशी दिली की ती तूट बरीच भरून निघते. मूळरोम असलेल्या मूळ वाणाला मात्र त्याच बुरशीचा फारसा फायदा दिसत नाही. मुळांची ठेवण पाहिल्याशिवाय बुरशीच्या फायद्याविषयी बोलणे व्यर्थ आहे, हे यावरून ध्यानात यावे.

भाताच्या मुळांत आणखी एक बारकावा आहे. भाताची मोठी पार्श्वमुळे बुरशीला आश्रय देतात, परंतु अतिसूक्ष्म पार्श्वमुळांत बुरशीला घर करता येईल अशी बाह्यऊती (मुळाच्या सालीखालचा पेशींचा थर) पुरेशी नसल्याने ती बुरशीविना राहतात. म्हणजे एकाच चुडात (रोपांच्या जुडग्यात) काही मुळे बुरशीच्या भरवशावर आणि काही स्वतःच्या बळावर काम करत असतात.

येथे एक गैरसमज होतो तो टाळावा. बुरशी असूनही वाढ अधिक दिसली नाही, म्हणजे ती निष्क्रिय होती, असा निष्कर्ष काढला जातो. भातामध्ये बुरशीकडून आलेला स्फुरद पेशीत घेणारा खास वाहक २००२ मध्ये ओळखला गेला आणि २०१२ च्या एका अभ्यासात बुरशी असलेल्या भाताने आपल्या स्फुरदापैकी सुमारे ७० टक्के स्फुरद याच मार्गाने घेतल्याचे दिसले. बुरशी आली की मुळाचा स्वतःचा थेट मार्ग मंदावतो, त्यामुळे बेरीज तेवढीच राहू शकते. शास्त्रज्ञाला यात रस वाटेल. शेतकरी मात्र धान्याच्या वजनाचे पैसे घेतो, स्फुरद कोणत्या मार्गाने आला त्याचे नाही, हेही विसरून चालणार नाही.

पाण्याविषयी सांगायचे तर ही बुरशी ऑक्सिजनवर जगते. साचलेल्या खाचरात ती नष्ट होत नाही, पण फार कमी राहते. भाताच्या मुळांत हवा खेळवणाऱ्या पोकळ्या असतात, त्यांच्या आधाराने थोडी टिकते. परंतु त्याच चिखलात ऑक्सिजन संपल्यावर लोहाचे क्षपण होते, म्हणजे ते विरघळणाऱ्या रूपात बदलते, आणि लोहाला चिकटलेला स्फुरद सुटून पाण्यात येतो. चिखलणी केलेल्या खाचरात बुरशी कमी आणि तिची गरजही कमी, असा हा योग आहे. तुमच्या गादीवाफ्यांवर हे सुटणे झाले नाही. माती हवेशीर राहिली, स्फुरद अडकलेलाच राहिला, आणि बियाणे थेट टोकल्यामुळे कोवळ्या रोपाजवळ ना पुरेशी मुळे होती, ना तंतूंचे जाळे. अरुंद, उभट, गडद पाने आणि उशिरा आलेले फुटवे ही स्फुरदाच्या उपासमारीची ओळखीची लक्षणे आहेत. पुढे मुळे पसरली, बुरशीही बसली असावी, आणि पीक सावरले. चिखलातल्या भाताला तेवढ्याच डीएपीत अडचण आली नाही याचे कारण मला तरी हेच दिसते.

नाचणीचे मूळजाल दाट, तंतुमय आणि बरेचसे वरच्या थरात असते. स्फुरदही वरच्या थरातच असतो. तिच्या मुळांत ही बुरशी चांगली बसते. शिवाय तिची वाढ सुरुवातीला संथ असल्याने तिची रोजची मागणीही कमी. तेव्हा मूळ आणि बुरशी या दोन्ही गोष्टी तिच्या बाजूने आहेत.

उत्तर
खाचरवाला, शहापूर

मृदाकण सरांनी शास्त्र सांगितले, मी शेतावरून दोन गोष्टी जोडतो.

ताई, तुम्ही राब भाजल्याचे लिहिले आहे. राबामुळे तण मरते, राखेतून पालाश (पोटॅश) व थोडा स्फुरद मिळतो आणि रोपे जोमदार होतात, म्हणून आमच्याकडेही ती रीत टिकून आहे. पण पालापाचोळा आणि गोवऱ्या पेटल्यावर वरचा थर तापतो आणि त्या थरातले सगळे जिवंत होरपळते; बुरशी तेवढी वाचेल असे मानण्याचे कारण नाही. म्हणजे राबातले रोप जोमदार असले तरी मुळांत सोबती न घेता खाचरात जाते, आणि तिथे पाणी असल्याने ते पुढेही फारसे मिळत नाहीत. चिखलात भात घ्यायचा असेल तर याने बिघडत नाही, हे सरांच्या उत्तरावरून मला पटले. राबावर उगाच दोष घालण्याची अलीकडे फॅशन झाली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

गादीवाफ्यांचे गणित वेगळे आहे. सगुणा तंत्रात मागच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवायची असतात, आणि नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी हे तंत्र मांडताना त्यावर भर दिला आहे. न उखडलेल्या जमिनीत बुरशीचे जाळे तुटत नाही, हा त्याचा एक लाभ असावा. मात्र पहिल्याच वर्षी तुम्ही कालपरवापर्यंत चिखलणी होत असलेल्या खाचरावर वाफे केले. त्या मातीत जाळे असणार कुठून? म्हणून पहिल्या हंगामातील खुरटेपणावरून त्या पद्धतीला नाव ठेवू नका. भातानंतर ओलाव्यावर वाल घ्या. वालाच्या मुळांत ही बुरशी बसते आणि कापणीनंतर जमीन सात-आठ महिने उघडी पडण्याऐवजी जाळ्याला खायला कोणीतरी राहते. आमच्याकडे वाल कडू निघो वा गोड, गादीवाफ्यांवर त्यानंतरचा भात सुरुवातीला कमी अडखळतो, असे माझे निरीक्षण आहे. अर्थात वालामुळे नत्रही मिळते, त्यामुळे सगळे श्रेय बुरशीला देता येणार नाही.

दुसरे, मुळे पाहायची असतील तर चूड उपटू नका. उपटताना बारीक मुळे तुटून जमिनीतच राहतात आणि हातात येते ती नुसती जाड मुळांची जुडी. फावड्याने हातभर माती कापून चूड काढा, बादलीत भिजत ठेवा आणि सावकाश धुवा. त्याआधी एकदा कोरडेच झटकून पाहा. ज्या मुळाला मातीची बाही चिकटून राहते, त्यावर लव चांगली असते. नाचणीची जुडी आणि गादीवाफ्यावरील भाताची जुडी शेजारी ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो.

पूरक प्रश्न
वरकस, ठाणे पश्चिम

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. गादीवाफ्यांवर वाल घेण्याचे काकांनी लगेच मान्य केले. राब न भाजता कोरड्या गादीवाफ्यावर रोपे करून त्या रोपवाटिकेत ही बुरशी मिसळली, तर ती रोपाबरोबर खाचरात जाऊन टिकते का? आणि पाकिटातली बुरशी जिवंत आहे की नाही, मुळांत बसली की नाही, हे सामान्य माणसाला तपासता येते का? तिसरा प्रश्न वाणाचा आहे. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत चांगली मुळे देणारे भाताचे वाण निवडता येतात, असे कुठेतरी वाचले होते.

उत्तर
कवकतंतू, ऐरोली

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. जैविक खते बनवणाऱ्या वा विकणाऱ्या कोणाशीही माझा संबंध नाही, हे आधीच सांगते.

ट्रायकोडर्मा किंवा अॅझोटोबॅक्टर यांसारखे शेतीत वापरले जाणारे इतर सूक्ष्मजीव टाकीत वाढवता येतात, तशी ही बुरशी वाढत नाही. ती जिवंत मुळावरच वाढते. म्हणून ती कुंड्यांमध्ये मका किंवा बाजरीसारख्या पिकांच्या मुळांवर किंवा प्रयोगशाळेत गाजराच्या जनुकीय बदल केलेल्या मुळांवर वाढवावी लागते, आणि त्यामुळे तिचे उत्पादन महाग व नाजूक असते. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये मायकोरायझा जैविक खत म्हणून समाविष्ट आहे आणि प्रति ग्रॅम किमान किती जिवंत घटक असावेत याचा निकष त्यात आहे. पाकिटावर हा आकडा, बुरशीचे शास्त्रीय नाव आणि मुदतीची तारीख नसेल तर ते घेऊच नका. अशा पाकिटांत ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क आणि कधी अन्नद्रव्येही मिसळलेली असतात; पीक हिरवे दिसले तर ते बुरशीमुळे की या भरणीमुळे, हे सांगता येत नाही. उन्हात तापलेल्या दुकानात पडून राहिलेल्या पाकिटाकडून तर मी काहीच अपेक्षा करत नाही.

पाकीट उत्तम असले तरी परिणाम शेतानुसार फार बदलतो. स्वित्झर्लंडमध्ये मक्याच्या ५४ शेतांत एकाच बुरशीचा वापर करून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाढीतील फरक उणे १२ टक्क्यांपासून अधिक ४० टक्क्यांपर्यंत आढळला. कुठे फायदा होईल याचा सर्वांत चांगला अंदाज मातीतील स्फुरदावरून नव्हे, तर तेथे आधीच असलेल्या रोगकारक बुरशींच्या प्रमाणावरून लागला. म्हणजे काही शेतांत ही बुरशी अन्न पुरवण्यापेक्षा मुळांचे रक्षण करून उपयोगी पडली असण्याची शक्यता आहे. ‘डीएपी निम्मे करा’ हे सरसकट वाक्य अशा आकड्यांपुढे टिकत नाही.

रोपवाटिकेत मिसळण्याची तुमची कल्पना योग्य दिशेची आहे. भारतात आणि जपानमध्ये भातावर तसे प्रयोग झाले असून कोरड्या रोपवाटिकेत बुरशी मुळांत बसल्यावर ती रोपाबरोबर खाचरात जाते आणि पाणी भरल्यावरही काही प्रमाणात राहते, असे त्यांत दिसले. चिखलाच्या रोपवाटिकेत तेच केले तर बुरशी मुळात फारच कमी बसते. पण मृदाकण सरांनी दाखवल्याप्रमाणे आवणीच्या भाताला तिची निकड कमी आहे, म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर गादीवाफ्यांवर करा आणि मिश्रण बियाण्याच्या अगदी खाली, टोकण्याच्या खड्ड्यातच पडू द्या. वरून फेकलेली बुरशी मुळापर्यंत पोहोचत नाही. बियाण्याला कार्बेन्डाझिमची प्रक्रिया करत असाल, तर ते रसायन या बुरशीलाही दाबते, हे ध्यानात ठेवा.

बियाण्यालगत जास्त डीएपी दिल्यानेही बुरशी बसत नाही. स्फुरदाची टंचाई झालेले मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे द्रव्य मातीत सोडते आणि त्याच्या संकेताने बुरशीचे तंतू फांद्या फोडून मुळाकडे येतात, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. स्फुरद मुबलक असला की झाड हा संकेत थांबवते. देशावरच्या मंडळींना ठाऊक असलेला टारफुला, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारे परजीवी तण, याच द्रव्याच्या वासावर उगवतो. बुरशीला बोलावताना मूळ परजीवीलाही आपला पत्ता देते. खाचरात टारफुल्याचा प्रश्न नाही, पण मुळाच्या या एका गुणाचे दोन परिणाम आहेत, म्हणून सांगितले.

पीकक्रमात मोहरी, पालक यांची मुळे ही बुरशी स्वीकारत नाहीत. त्यामुळे गादीवाफ्यांवर रब्बीत मोहरीचा विचार असेल, तर त्यानंतरच्या भाताला सुरुवातीला बुरशी कमी मिळेल. वालाचा सल्ला उत्तम आहे.

तपासणीसाठी सूक्ष्मदर्शक हवाच. बारीक मुळे धुऊन, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तापवून पारदर्शक करायची, धुवायची आणि व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या फाउंटन पेनच्या शाईत पुन्हा तापवायची. बुरशी रंगते आणि मुळाच्या पेशींत तिच्या झुडपासारख्या रचना दिसतात. हे हायड्रॉक्साइड त्वचा आणि डोळे भाजते, म्हणून घरच्या ओट्यावर हा उद्योग करू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा. मुळे साठ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली तर ती आठवडाभर सहज टिकतात आणि ठाण्यापर्यंत आणता येतात.

उत्तर
मृदाकण, बेलापूर

वाणाचा प्रश्न राहिला आहे. कसालथ हे भारतातील पारंपरिक औस गटातील भाताचे वाण स्फुरद कमी असलेल्या मातीत तग धरते. त्यामागचे पीएसटीओएल-१ हे जनुक २०१२ मध्ये ओळखले गेले. ते स्फुरद वाहून नेत नाही किंवा विरघळवतही नाही, तर रोपाची सुरुवातीची मुळे वेगाने वाढवते, आणि त्यामुळे रोप अडकलेल्या स्फुरदाच्या अधिक मातीपर्यंत लवकर पोहोचते. टंचाई न सोसणाऱ्या अनेक आधुनिक वाणांत हे जनुक नाही. तुमच्या गादीवाफ्यांवर नेमकी हीच पहिल्या काही आठवड्यांची अडचण होती, म्हणून वाण पाहायचे असेल तर फुलोऱ्यात नव्हे, उगवणीनंतर तीन-चार आठवड्यांनी मुळे काढून पाहा.

केवळ खोल मुळे हा गुण मात्र यासाठी शोधू नका. भातात मुळांचा कोन ठरवणारे डीआरओ-१ हे जनुक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे मुळे उभी व खोल जातात आणि कोरडवाहू स्थितीत पिकाला आधार मिळतो. खाली झिरपलेले नत्र पकडायलाही खोल मुळेच हवीत. स्फुरद मात्र वरच्या काही इंचांत असतो, त्यासाठी आडवी, उथळ पसरणारी मुळे लागतात. एकाच झाडाला दोन्ही पुरेशी देता येत नाहीत, कारण कर्ब मर्यादित आहे. आपल्या भागात नत्र हप्त्यांनी देता येते, तेव्हा उथळ मुळांकडे झुकलेले वाण गादीवाफ्यांवर चालावे असे माझे मत आहे. पावसात खंड पडला तर मात्र तेच आधी सुकेल.

जस्ताचाही विचार करा. तेही मातीत फार सरकत नाही आणि बुरशी ते मुळापर्यंत आणते. गव्हावरील प्रयोगांत स्फुरदाची मात्रा वाढवत नेल्यावर बुरशी कमी झाली आणि दाण्यातील जस्तही घटले. भातात जस्ताच्या कमतरतेने पानांवर तांबूस ठिपके येतात. खैरा या नावाने ओळखला जाणारा हा विकार पंतनगरच्या कृषी विद्यापीठात १९६६ मध्ये जस्ताच्या कमतरतेशी जोडला गेला. तेव्हा गादीवाफ्यांवरचे खुरटेपण पाहून डीएपी दुप्पट करण्याचा मोह आवरा. आहे तेवढाच स्फुरद बियाण्याच्या ओळीजवळ, पण बियाण्याला न भिडता, दोन बोटे बाजूला आणि खाली द्या. तो जिथे पडतो तिथेच राहतो, म्हणून जागेचा फायदा मात्रेपेक्षा मोठा असतो. सामू ५.८ असताना माती परीक्षणात स्फुरद ब्रे पद्धतीने मोजला की ओल्सन पद्धतीने, हेही पत्रिकेत पाहा. आम्लधर्मी मातीला ब्रे पद्धत योग्य.

पाकीट आणायचेच ठरले तर एकाच वाफ्यावर वापरून शेजारच्याशी तुलना करू नका. मिश्रणाचे दोन भाग करा आणि एक भाग प्रेशर कुकरमध्ये तासभर वाफवून मारून टाका. म्हणजे भरणीतील अन्नद्रव्ये दोन्हीकडे सारखी राहतील आणि फरक उरला तर तो जिवंत बुरशीचा असेल. डीएपीची पूर्ण मात्रा आणि तीन चतुर्थांश मात्रा अशा दोन्ही स्थितींत हे दोन भाग वापरा, प्रत्येक जोडी किमान तीन वेगळ्या वाफ्यांवर, आणि कोणत्या वाफ्यावर काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. खाचराच्या वरच्या बांधाजवळचे वाफे नेहमीच कोरडे असतात, ते एकाच उपचाराच्या वाट्याला येऊ देऊ नका. फुटव्यांची मोजणी महिन्याने करा, कवकतंतू यांनी सांगितल्याप्रमाणे मुळांचे नमुने त्याच वेळी घ्या, आणि कापणीला दाणा व पेंढा वेगवेगळा तोला. पेंढा वाढला पण दाणा नाही, असे बऱ्याचदा घडते, आणि तेव्हा पाकिटाचे पैसे वसूल झाले की नाहीत याचे उत्तर पेंढ्याच्या भावावर ठरते.